नाही म्हणता न येणारं रुग्णालय : कळवा, ऑगस्ट २०२३

१३ ऑगस्ट २०२३, रविवार. ठाणे महापालिकेच्या कळव्यातल्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात चोवीस तासांत अठरा रुग्ण दगावल्याची बातमी आली. तीनच दिवसांपूर्वी, १० तारखेला, याच रुग्णालयात एका दिवसात पाच मृत्यू झाले होते आणि त्यावरून आधीच वातावरण तापलं होतं. ठाणे म्हणजे तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांचं स्वतःचं शहर, त्यामुळे प्रकरण तासाभरात राज्याचं झालं. आरोग्य सेवा आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. एक बाजू म्हणत होती की डॉक्टरांचं दुर्लक्ष झालं, तर दुसरी म्हणत होती की रुग्ण शेवटच्या टप्प्यात आणले गेले.

या दोन्ही बाजूंची भांडणं वॉर्डाच्या आत अडकलेली आहेत. त्या रात्री कोणत्या बेडवर काय चुकलं हे समितीने पाहायचं. सार्वजनिक रुग्णसेवा चालवणाऱ्याला या प्रकरणात शिकण्यासारखं आहे ते वॉर्डाबाहेर, आणि त्या रात्रीच्या बरंच आधी घडलेलं.

महापालिका आयुक्तांनी तेव्हा माध्यमांना जी माहिती दिली, तिच्यात मृतांचे पत्ते होते. अठरांपैकी सहा ठाणे शहरातले, चार कल्याणचे, तीन शहापूरचे, भिवंडी, उल्हासनगर आणि गोवंडीचा प्रत्येकी एक, एक आणखी कुठला तरी आणि एक बेवारस, म्हणजे ओळख न पटलेला. बारा जण पन्नाशीच्या पुढचे होते. कारणांच्या यादीत मूत्रपिंडाचा विकार, न्यूमोनिया, जुना अर्धांगवायू, रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग, रॉकेल पोटात गेल्याने झालेली विषबाधा असं सगळं होतं. त्यात साथीचा एकच आजार नव्हता, एकच औषध किंवा एकच ऑपरेशन थिएटर नव्हतं. ऑक्सिजनची टाकी रिकामी होते किंवा आग लागते, तसं बोट दाखवता येईल असं एकच कारण या यादीतून निघत नाही.

पत्ते मात्र पुन्हा वाचायला हवेत. ज्या शहराच्या करातून हे रुग्णालय चालतं, त्या शहराचे रुग्ण अठरांत सहा. बाकीच्यांपैकी बहुतेक अशा गावा-शहरांतले की तिथे स्वतःची सरकारी किंवा पालिकेची रुग्णालयं आहेत. कल्याणला रुक्मिणीबाई आहे, डोंबिवलीला शास्त्रीनगर आहे, दोन्ही कल्याण-डोंबिवली महापालिकेची. उल्हासनगरला मध्यवर्ती रुग्णालय आहे, भिवंडीला इंदिरा गांधी स्मृती. मग ही माणसं शेवटी कळव्यालाच का आली?

जिल्ह्याच्या आरोग्याला मालक किती, हे आधी पाहू. २०१४ साली पालघर वेगळा झाल्यावरही ठाणे जिल्ह्यात सहा महापालिका उरल्या : ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, भिवंडी-निजामपूर, मिरा-भाईंदर. प्रत्येकीचं आरोग्य खातं स्वतंत्र, आयुक्त स्वतंत्र. प्राथमिक आरोग्य केंद्रं जिल्हा परिषदेची, ती जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याच्या हाताखाली. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयं राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाची, ती जिल्हा शल्यचिकित्सकाकडे, म्हणजे सगळे ज्यांना सिव्हिल सर्जन म्हणतात त्यांच्याकडे. आणि कळवा? ते महापालिकेचं, वर त्याला राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय जोडलेलं, म्हणून तिथे सिव्हिल सर्जन नाही, डीन, म्हणजे महाविद्यालयाचे अधिष्ठाता. शहापूरचा रुग्ण या सगळ्या हद्दी ओलांडून येतो, पण त्याच्यासोबत एका कार्यालयाकडून दुसऱ्या कार्यालयाकडे काहीच येत नाही. पैसा नाही, मनुष्यबळ नाही, बऱ्याचदा साधा फोनही नाही.

आता सिव्हिलकडे येऊ. ठाण्यात टेंभी नाक्याजवळचं विठ्ठल सायन्ना सामान्य रुग्णालय, ज्याला सगळे सिव्हिल म्हणतात, हे जिल्ह्याचं मुख्य सरकारी रुग्णालय, तीनशेहून जास्त खाटांचं. स्टेशनवर उतरून पायी जाता येईल अशा जागी असल्याने कसारा-कर्जतकडून लोकलने येणाऱ्यांना ते सोयीचं होतं. त्याच्या जागी ९०० खाटांचं सुपर स्पेशालिटी रुग्णालय उभारायचं ठरलं आणि जुन्या इमारती पाडायच्या म्हणून रुग्णालय प्रादेशिक मनोरुग्णालयाच्या आवारात हलवलं गेलं. मनोरुग्णालय १९०१ सालचं, जागा मोठी, त्यामुळे कागदावर हा निर्णय वावगा नाही. जुनी इमारत पाडल्याशिवाय नवी होणार नाही हेही खरं. ऑगस्टमधल्या मृत्यूंनंतर मात्र अधिकाऱ्यांपासून विरोधकांपर्यंत सगळ्यांनी एक गोष्ट मान्य केली : सिव्हिल हललं आणि कळव्यावरचा भार वाढला.

माझा आक्षेप इथे आहे. हलवताना खाटा मोजल्या जातात. किती खाटा होत्या, तात्पुरत्या जागेत किती मावतात, बाकीच्या कुठे, असा हिशेब फाईलवर असतो. पण रुग्ण फाईल वाचून येत नाही. वर्षानुवर्षं पडलेल्या सवयीने येतो, रिक्षावाल्याच्या सल्ल्याने येतो, आधीच्या डॉक्टरने चिठ्ठीवर जे नाव खरडलं तिथे येतो. ‘सिव्हिल बंद आहे’ एवढंच लोकांच्या कानावर पडतं. ते बंद नसून हललंय, हे कळेपर्यंत महिने जातात. तोवर रिक्षा कळव्याच्या पुलाकडे वळू लागलेली असते.

भार वाढला म्हणजे किती वाढला असेल, याचा अंदाज साध्या गणिताने येतो. एखाद्या रुग्णालयात ५०० खाटा आहेत, रोज ७५ जण दाखल होतात आणि एकेक जण सरासरी सहा दिवस राहतो असं समजू. कोणत्याही क्षणी ४५० खाटा भरलेल्या असतील. नव्वद टक्के. जागा तंग आहे, पण सिस्टर सांभाळून नेते. आता रोज फक्त पंधरा जण जास्त येऊ द्या, म्हणजे दर दीड तासाला साधारण एक. पंधरा गुणिले सहा, नव्वद खाटा जास्त. ५०० च्या रुग्णालयात ५४० माणसं. दारावरच्या माणसाला ही वाढ जाणवणारही नाही, कारण कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या विभागात, दीड तासाला एक रुग्ण म्हणजे काहीच नाही. ती जाणवते वॉर्डात, आठवड्याभराने, जेव्हा दोन खाटांच्या मध्ये गादी टाकावी लागते. कळव्यात मंजूर खाटा ५००. वर घेतलेलं रोज दाखल होणाऱ्यांचं आणि मुक्कामाचं गणित मात्र समजावण्यापुरतं आहे, तिथल्या रजिस्टरमधलं नाही.

जमिनीवरच्या गादीला कोणी मोजत नाही, हा पुढचा घोळ. नर्सेसची पदं मंजूर खाटांवर ठरतात. ऑक्सिजनचे पॉइंट खाटांच्या डोक्याशी असतात. रात्रपाळीच्या सिस्टरला तीस रुग्ण दिले काय आणि बेचाळीस दिले काय, ड्युटी चार्टवर ती एकच. रक्तदाब दर चार तासांनी बघायचा असेल तर तो सहा तासांनी बघितला जातो. ढासळत चाललेला रुग्ण याच दोन तासांत हातातून जातो. त्याला दुर्लक्ष म्हणायचं की भार, यावर समित्या वर्षभर वाद घालू शकतील. रुग्णाच्या नातेवाइकाला तो फरक कोणी समजावून सांगू नये.

अठरा या आकड्याबद्दलही थोडं बोलायला हवं, कारण सगळा गदारोळ त्या आकड्याभोवती झाला. ज्या रुग्णालयात जिल्हाभरातले अत्यवस्थ रुग्ण येतात, तिथे रोज काही मृत्यू होणारच. एखाद्या मोठ्या रुग्णालयात रोजची सरासरी सात आहे असं समजा आणि हे मृत्यू एकमेकांशी संबंध नसलेले आहेत असं धरा. संभाव्यतेच्या नियमाने अठरा किंवा त्याहून जास्त मृत्यूंचा दिवस सात-साडेसात वर्षांतून एकदा यावा. तीच सरासरी सातावरून दहावर गेली तर तसा दिवस साधारण सत्तर दिवसांतून एकदा येईल. सरासरीत फक्त तीनची वाढ, आणि डीनच्या अख्ख्या कारकिर्दीत एखाद्या वेळी दिसावा असा दिवस वर्षातून पाच वेळा दिसायला लागतो. म्हणून ज्याला सेवा चालवायची आहे त्याने अठराच्या दिवसाची वाट पाहत बसू नये. सातावर असलेली सरासरी आठ, नऊ करत दहाकडे चालली आहे हे दर आठवड्याला कागदावर दिसलं पाहिजे. कळव्यात १० ऑगस्टचे पाच मृत्यू बातमी झाले, कारण त्या दिवशी कोणीतरी आवाज उठवला. आवाज उठला नसता तर ते कोणाच्या कागदावर आले असते, हा प्रश्न मला जास्त त्रास देतो.

आता त्या वाटेने येणारा रुग्ण बघू. शहापूर किंवा मुरबाडकडच्या एखाद्या गावात साठीच्या माणसाला चार दिवस ताप, मग धाप. आधी गावातला डॉक्टर, सलाईन. मग तालुक्याच्या गावी खासगी नर्सिंग होम. तिथे दोन दिवस आयसीयू, बिल वाढतं, दागिना गहाण पडतो. तिसऱ्या रात्री डॉक्टर सांगतो, व्हेंटिलेटर लागेल. चिठ्ठीवर लिहितो : ‘हायर सेंटरला रेफर’. रात्री अकराला गाडी निघते. मुंबई-नाशिक महामार्गावर रुंदीकरणाची कामं आणि ऑगस्टमधले खड्डे. भिवंडी बायपासला ट्रकची रांग. आधी सिव्हिलला गेलं तर तिथून पुढे. कळव्याच्या कॅज्युअल्टीत पोचेपर्यंत माणूस चौथ्या दारात असतो आणि प्रत्येक दाराने थोडा थोडा वेळ खाल्लेला असतो. तिथल्या रेसिडेंटच्या, म्हणजे निवासी डॉक्टरच्या, हातात जो कागद येतो, त्यावर आधी कोणती औषधं दिली हेही धड नसतं. हा एका ठरावीक माणसाचा प्रवास नाही. पण ठाणे जिल्ह्यात कॅज्युअल्टीची रात्रपाळी केलेल्या कुठल्याही डॉक्टरला दाखवा, तो पुढचं वाक्य स्वतःच सांगेल.

त्या रेसिडेंटला नाही म्हणता येत नाही. यामागे माणुसकी आहेच, कायदाही आहे. तातडीच्या रुग्णावर उपचार करणं प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य आहे हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच सांगितलं. १९९६ साली पश्चिम बंगालमधल्या एका प्रकरणात ते आणखी पुढे गेलं. रेल्वेतून पडून डोक्याला मार लागलेल्या एका शेतमजुराला कलकत्त्यातली सरकारी रुग्णालयं एकामागून एक परत पाठवत गेली, बेड नाही म्हणून. शेवटी त्याला खासगीत पैसे भरावे लागले. बेड नाही हे कारण सरकारी रुग्णालयाला देता येणार नाही, तो जगण्याच्या हक्काचा भंग आहे, असं न्यायालय म्हणालं. त्याच निकालात आणखी एक सूचना होती, तिच्याकडे मात्र फारसं कोणी पाहत नाही : कोणत्या रुग्णालयात बेड रिकामा आहे हे कळेल आणि रुग्ण थेट तिथे पाठवता येईल अशी मध्यवर्ती संपर्क यंत्रणा उभी करा.

म्हणजे निकालाचा पहिला अर्धा भाग रुग्णालयाच्या दाराला लागू झाला, दुसरा जिल्ह्याला लागू व्हायचा राहिला. दुसऱ्याशिवाय पहिला राबवला की सगळा भार शेवटच्या दारावर येतो.

आणि हे जमत नाही असं कोणी म्हणू नये, कारण याच शहरांनी ते करून दाखवलंय. कोविडमध्ये ठाण्याने बाळकुमला ग्लोबल हबच्या इमारतीत सुमारे हजार खाटांचं रुग्णालय काही आठवड्यांत उभारलं. त्याहून मोलाची होती ती वॉर रूम. एका फोनवर कळायचं की साधा बेड कुठे आहे, ऑक्सिजनचा कुठे, व्हेंटिलेटर कुठे. खासगी रुग्णालयांना आपल्या खाटांची माहिती रोज भरावी लागायची. ती माहिती कधी खोटी निघायची, फोन लागायचा नाही, वशिलाही चालायचा, हे सगळं ठाणेकरांनी भोगलंय. तरी यंत्रणा होती. कोविड ओसरला आणि वॉर रूम आवरल्या. टेबलं परत गेली, तिथे ड्युटीला लावलेले शिक्षक शाळेत गेले. सिव्हिलसारखं रुग्णालय हलवायचं ठरतं तेव्हा पहिलं काम कोणतं, असं मला विचारलं तर मी म्हणेन, ती खोली पुन्हा उघडा, सहाही महापालिका आणि सिव्हिल सर्जन मिळून एकच. इमारतीचा पहिला दगड पडायच्या महिनाभर आधी.

कळव्याच्या डीनपुढे आणि आयुक्तांपुढे त्या महिन्यांत पर्याय काय होते, हे न्यायाने पाहिलं पाहिजे. दार बंद करणं शक्य नव्हतं. खाटा वाढवणं शक्य होतं, पण खाट म्हणजे लोखंड आणि गादी. तिच्यामागे सिस्टर, वॉर्डातले मामा-मावशी, रेसिडेंट लागतात आणि पालिकेतली भरती कोणत्या गतीने होते ते सगळ्यांना माहीत आहे. रुग्ण वळवणं हा तिसरा मार्ग. ठाणे-बेलापूर रस्त्यानेच खाली गेलं की ऐरोलीला, पुढे वाशीला नवी मुंबई महापालिकेची रुग्णालयं आहेत. पण दुसऱ्या महापालिकेने आपल्या करदात्यांच्या खाटा कळव्याच्या रुग्णासाठी का द्याव्यात, हा प्रश्न तिथले लोक विचारणारच. या प्रश्नाचं उत्तर डीनकडे नसतं, पालिका आयुक्ताकडेही नसतं. ते मंत्रालयातच मिळू शकतं, कारण नगरविकास आणि सार्वजनिक आरोग्य ही दोन्ही खाती जिथे एकत्र येतात ती जागा तीच आहे.

पैशाचा प्रश्न टाळून चालणार नाही. या घटनेनंतर दोनच दिवसांनी, १५ ऑगस्टपासून, राज्याने सार्वजनिक आरोग्य विभागाच्या सगळ्या रुग्णालयांत उपचार मोफत केले. निर्णय चांगला. पण महापालिकांची रुग्णालयं त्यात नव्हती. म्हणजे ज्या रुग्णाचा खर्च राज्याने स्वतःवर घेतला, तोच रुग्ण सिव्हिल हलल्यामुळे कळव्याला आला की तो पालिकेच्या खात्यावर पडतो. राज्याच्या महात्मा फुले आरोग्य योजनेतून काही आजारांचे पैसे मिळतात, पण रात्री दोनला धाप लागून आलेल्या, रेशन कार्ड घरी राहिलेल्या माणसाचा क्लेम कोण भरणार? सिव्हिलच्या पुनर्बांधणीच्या अंदाजपत्रकात, बांधकाम संपेपर्यंत कळव्याला दर महिन्याला जादा रुग्णांमागे इतके रुपये, अशी एक ओळ असायला हवी होती. पाडकामाचा राडारोडा वाहून नेण्यासाठी अशी ओळ नेहमीच असते.

मृत्यूंचं परीक्षण करताना एक जुना नियम फार कामाचा आहे. दाखल झाल्यापासून अठ्ठेचाळीस तासांच्या आत गेलेले आणि त्यानंतर गेलेले, असे दोन गट वेगळे मांडायचे. पहिल्या गटात रुग्ण कोणत्या अवस्थेत पोचला हे दिसतं, दुसऱ्यात रुग्णालयाने काय केलं हे. पहिला गट फुगलेला असेल तर दोष रस्त्यात आणि आधीच्या दारांत शोधायचा, दुसरा फुगला असेल तर वॉर्डात. दोन्ही बाजू सांगत होत्या त्यातलं खरं किती, हे ठरवायला एवढी विभागणी पुरते. आणि यात आधीच्या रुग्णालयाचं नाव, तिथून निघाल्याची वेळ आणि सोबत आलेल्या कागदाची प्रत जोडली, तर तिसरी गोष्टही दिसते : कोणतं नर्सिंग होम पुन्हा पुन्हा मध्यरात्रीच रुग्ण सोडतं. नर्सिंग होमची नोंदणी शहरात महापालिकाच करते, तेव्हा जाब विचारायचा अधिकारही तिच्याकडेच आहे. कल्याणचा जाब कल्याणने विचारायचा, एवढंच. त्यासाठी कळव्याने दर महिन्याला त्यांना यादी पाठवायची.

येणाऱ्या रुग्णांबद्दल सगळे बोलतात, जाणाऱ्यांबद्दल कोणी बोलत नाही. खाट रिकामी होते ती डिस्चार्जने. न्यूमोनियातून सावरलेला शहापूरचा माणूस, ज्याला आता फक्त आणखी चार दिवस इंजेक्शन आणि लक्ष हवं आहे, त्याला कळव्याच्या खाटेची गरज नाही. शहापूरच्या सरकारी रुग्णालयात ते होऊ शकतं. पण उलटा रेफर हा प्रकार आपल्याकडे जवळपास नाहीच. १०८ ची गाडी तातडीच्या रुग्णाला आणायला आहे, परत सोडायला नाही. बाळंतिणीला आणि आजारी तान्ह्या बाळाला घरी सोडायची गाडी जननी शिशू सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून मोफत आहे, इतरांना ती सोय नाही. नातेवाईक म्हणतात, साहेब, पुन्हा बिघडलं तर इतक्या लांब कसं आणणार, राहू द्या इथेच. डॉक्टरलाही ते पटतं, कारण शहापूरला तो ज्याच्याकडे सोपवणार त्या डॉक्टरचा नंबर त्याच्याकडे नसतो. असे वीस जण दोन दोन दिवस जास्त राहिले तर चाळीस खाट-दिवस गेले. वरच्या गणितातल्या सहा दिवसांच्या मुक्कामाने बघा, तेवढ्यात सहा-सात नवे रुग्ण बसले असते. परतीच्या दोन गाड्या, शहापूर, मुरबाड, भिवंडी, उल्हासनगर इथल्या ड्युटी डॉक्टरांचे मोबाईल नंबर भिंतीवर, आणि रोज सकाळी अकराला कोण परत जाऊ शकतो याची इन्चार्ज सिस्टरने केलेली यादी, एवढं कळव्याला त्याच ऑगस्टमध्ये सुरू करता आलं असतं.